ग्रुप्पो नुओवा कोन्सोनान्त्सा: रचनाकारांच्या मुक्त वादनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटालियन चित्रपट-संगीतकार एन्निओ मोरिकोनेचं नाव काढलं की बहुतेकांना शिट्टी, गिटार आणि धुळीत उभे ठाकलेले दोन पिस्तूलवाले आठवतात. हाच माणूस पंधराएक वर्षं रोममध्ये एका गटात ट्रम्पेट घेऊन बसायचा आणि ठरवून एकही चाल वाजवायचा नाही, असं सांगितलं की समोरच्याच्या प्रश्नांना अंतच राहत नाही. ऐकण्याच्या बैठकांनंतर आणि चहाच्या गप्पांत मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले हे प्रश्न, आणि माझ्याकडून जमतील तशी उत्तरं.

हा ग्रुप म्हणजे नेमकं कोण?

पूर्ण नाव ‘ग्रुप्पो दी इम्प्रोव्विझात्सिओने नुओवा कोन्सोनान्त्सा’. नाव लांबलचक असल्यामुळे सगळे नुसतं ‘इल ग्रुप्पो’ म्हणतात. फ्रँको एव्हांजेलिस्ती या रचनाकाराने १९६४ मध्ये रोममध्ये तो उभा केला आणि १९६५ मध्ये तो लोकांसमोर वाजवू लागला. सुरुवातीच्या मंडळींत इटालियन होते तसे रोममध्ये राहणारे परदेशीही होते. अमेरिकेचे लॅरी ऑस्टिन, जॉन ईटन, जॉन हाइनमन आणि विल्यम स्मिथ, जर्मनीचा रोलंड काइन, हंगेरीत जन्मलेला इव्हान व्हांडोर. पुढे मारिओ बेर्तोनचीनी, एजिस्तो माक्की, वॉल्टर ब्रांकी आणि मोरिकोने हा त्याचा कणा झाला. सत्तरच्या दशकात ट्रॉम्बोनवादक जानकार्लो स्कियाफ्फीनी, पियानोवर अंतोनेल्लो नेरी अशी नवी माणसं आली. माणसं येत-जात राहिली. एव्हांजेलिस्ती मात्र शेवटपर्यंत होता.

‘नुओवा कोन्सोनान्त्सा’ नावाची संस्थाही आहे. ती हीच का?

नाही. ती संस्था १९५९ मध्ये रोममध्ये नव्या संगीताचे कार्यक्रम करण्यासाठी स्थापन झाली. एव्हांजेलिस्ती आणि माक्की तिथेही होते. ग्रुप त्या घरातच जन्मला आणि त्याने नाव घेतलं ते घराचं. संस्था आजही रोममध्ये महोत्सव भरवते. नावाचा अर्थ ‘नवी सुसंवादिता’ असा काहीसा. पहिल्यांदा ऐकताना सुसंवाद कुठे आहे हे सापडत नाही, पण नाव विचारपूर्वक ठेवलेलं आहे.

एव्हांजेलिस्ती चांगला रचनाकार होता म्हणता, मग त्याने लिहिणं का थांबवलं?

माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे.

एव्हांजेलिस्ती १९२६ चा, रोमचा. इंजिनिअरिंगचं शिक्षण सोडून संगीताकडे आला. पन्नासच्या दशकात युरोपातले तरुण रचनाकार दर उन्हाळ्यात जर्मनीत डार्मस्टाटला जमायचे, तिथे हाही जायचा. कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत त्याने ‘इन्कोन्त्री दी फाशे सोनोरे’ ही टेपवरची रचना केली. ती चार मिनिटांचीही नाही, पण आवाजाचा एकेक पट्टा जसा घासून पुसून ठेवलाय तो ऐकला की या माणसाचा कान किती बारीक होता ते कळतं.

त्या काळच्या डार्मस्टाटमध्ये रचनेची पकड पराकोटीला पोचली होती. स्वर किती उंच, किती लांब, किती जोरात, सगळं आधीच गणिताने ठरलेलं. वादकाने कागदावरचं तंतोतंत वाजवायचं, एवढंच त्याच्या वाट्याला. मग १९५८ मध्ये अमेरिकन रचनाकार जॉन केज तिथे आला आणि त्याने उलट टोकाची गोष्ट मांडली: बरंचसं नशिबावर सोडा. एव्हांजेलिस्तीने दोन्ही टोकं पाहिली. १९५९ मध्ये त्याने तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी ‘आलेआतोरिओ’ लिहिली, तिचा अर्थच ‘फाशांवरची’ असा निघतो. १९६२-६३ च्या सुमारास ‘दी शाख्टेल’ ही मूकाभिनयासह होणारी रंगमंचीय रचना केली. त्यानंतर त्याने नोटेशन जवळजवळ खालीच ठेवलं.

त्याला वाटत होतं की लिहिलेल्या संगीताची ती वाट संपली आहे. अजून एक गुंतागुंतीचा कागद तयार करून वादकासमोर ठेवण्यात त्याला सत्य दिसेना. असं वाटणारे बरेच असतात. ते वाटल्यावर खरोखर थांबणारे फार थोडे. आणि थांबल्यावर गप्प न बसता आठ-नऊ जणांना बरोबर घेऊन ‘आता कागदाशिवाय काय करता येतं ते पाहू’ असं म्हणणारा मला दुसरा सहसा आठवत नाही.

मग सदस्य रचनाकारच असले पाहिजेत, ही अट कशासाठी?

कारण वादक आणि रचनाकार ही फाळणीच त्याला मोडायची होती. पूर्वी युरोपातही वाजवणारा आणि रचणारा बहुधा एकच असे. एकोणिसाव्या शतकात ही कामं वेगळी होत गेली. एकाने टेबलावर बसून लिहायचं, दुसऱ्याने मंचावर उभं राहून आज्ञा पाळायची.

नुसता पट्टीचा वादक आणला तर त्याची बोटं सवयीच्या जागी जातात. वर्षानुवर्षांच्या रियाजाने बसवलेल्या जागा आपोआप बाहेर पडतात. रचनाकाराला आकाराची जाण असते. तुकडा आता कुठे आहे, त्याला अजून काही हवंय की तो पूर्ण झालाय, हा विचार त्याच्या डोक्यात वाजवतानाही चालू असतो. ग्रुपला तेच हवं होतं: वाजवता वाजवता रचणं, आणि तेही एकत्र.

कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे लॅरी ऑस्टिन असाच प्रयोग करत होता. तो रोमला आला आणि एव्हांजेलिस्तीची त्याच्याशी गाठ पडली. त्याचाही या कल्पनेला हातभार लागला.

म्हणजे मनाला येईल ते वाजवायचं, असंच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे.

ही मंडळी नियमित जमून तालमी करायची. मुक्त वादनाची तालीम ऐकून लोक हसतात, पण तालीम तुकड्याची नसे, कानांची असे. ठरावीक बंधनं घालून सराव करायचे. कधी फक्त आवाजाच्या पोतावर काम, स्वरांच्या उंचसखलपणावर नाही. कधी दोघातिघांचाच संवाद, बाकीच्यांनी ऐकायचं. सगळं टेपवर घ्यायचे, मग टेप लावून चर्चा: इथे कोण फार पुढे आला, इथे कोणी कोणाचं ऐकलं नाही, ही जागा का पडली. थिओ गालेर या जर्मन दिग्दर्शकाने १९६७ मध्ये या ग्रुपवर माहितीपट केला. त्यात या तालमी दिसतात. कपडे नीटनेटके, चेहरे गंभीर, एखादा पियानोत अर्धा वाकलेला. बंडखोरांचा अड्डा म्हणून पाहायला जावं तर प्रयोगशाळेत शिरल्यासारखं वाटतं.

आणि वर्ज्य गोष्टींची यादी मोठी. राग शिकताना गुरुजी आधी सांगतात की या रागात अमुक स्वर वर्ज्य. इथे चाल वर्ज्य, ठेका वर्ज्य, ओळखीचा शेवट वर्ज्य, आणि एकाने गाणं गायचं नि बाकीच्यांनी साथ करायची ही मांडणीही वर्ज्य. सवयीने जे जे हाताला येतं ते काढून टाकलं की काय उरतं? उरतो आवाज, आणि शेजारच्याचा आवाज.

आपल्या उपजेत आणि यात फरक काय? आपल्याकडेही कागद नसतोच की.

ओळखीची खूण पटते खरी, पण ती एका टप्प्यापर्यंतच. आपल्या गायकाच्या पायाखाली जमीन असते: तानपुऱ्यावरचा षड्ज, रागाची चौकट, बंदिशीचा मुखडा, तबल्याची सम. तो कितीही लांब गेला तरी परत कुठे यायचं हे त्याला, तबलजीला आणि पहिल्या रांगेतल्या आजोबांनाही ठाऊक असतं. समेवर आल्यावर एकदम मान हलते ती त्यामुळेच.

इल ग्रुप्पोकडे षड्ज नाही, सम नाही, परत यायला घर नाही. आधार एकच: बाकीचे आत्ता काय करताहेत. आपल्याकडची बढत एका गळ्यातून फुलते, बाकीचे तिला सांभाळतात. इथे एकट्याची बढत हाच दोष. पाच-सात जणांनी मिळून एकच आवाज श्वास घेतल्यासारखा वाढवायचा आणि त्यात आपला धागा कुठला हे कळू द्यायचं नाही.

तरी एक साम्य मला मोलाचं वाटतं. सारंगीवाला किंवा हार्मोनियमवाला गायकाच्या तोंडून स्वर निघायच्या आधी ओळखतो, ते ज्या कानाने, तोच कान इथे लागतो.

हा जॅझच आहे का?

नाही. काही जण जॅझमधून आले होते. क्लॅरिनेटवाला विल्यम स्मिथ डेव्ह ब्रुबेकबरोबर वाजवायचा, व्हांडोरचा सॅक्सोफोनही तिथलाच. पण जॅझचा झुलता ठेका आणि एकेकाने पुढे येऊन वाजवण्याची पद्धत इथे दाराबाहेर ठेवली होती.

प्रत्यक्षात ऐकायला काय येतं?

हेडफोन लावा आणि डोळे मिटा. आधी अगदी बारीक, दूरवर लोखंड घासल्यासारखं काहीतरी. तो झांजेच्या कडेवरून ओढलेला गज असतो. पितळ आधी फक्त कुजबुजतं, मग त्यातून एकावर एक सूर निघायला लागतात आणि झांज गायला लागते. त्याखाली घरघर, ती पियानोच्या जाड तारांवरून फिरणाऱ्या हाताची किंवा वस्तूची. या मंडळींनी पियानोच्या पट्ट्यांपेक्षा त्याच्या पोटात जास्त वेळ घालवला. मध्येच ट्रॉम्बोनमधून बोलल्यासारखा, पण शब्द नसलेला आवाज. ट्रम्पेटमधून सूर न येता नुसती हवा, मग ओठांचा फुत्कार, मग एकच कापरा स्वर, आणि तोही लगेच गिळलेला. क्लॅरिनेटमधून एकाच वेळी दोन-तीन सूर फुटतात. स्मिथ या तंत्राचा अग्रणी होता.

थोड्या वेळाने कुठलं वाद्य काय वाजवतंय हे कळेनासं होतं. मला पहिल्यांदा ते कळलं तेव्हा मी टेप मागे नेऊन तीनदा ऐकलं: जो आवाज मी इलेक्ट्रॉनिक समजत होतो तो बहुधा एक झांज, एक तार आणि एका माणसाचा श्वास एवढाच होता. कोलोनच्या स्टुडिओत महिनोन्महिने टेप कापून जे करावं लागे ते ही माणसं हातांनी आणि फुफ्फुसांनी, समोरासमोर बसून करत होती.

यंत्रांशी वैर नव्हतं. रोममध्येच पाओलो केतोफ या तंत्रज्ञाने ‘सिन्केट’ नावाचा सुटसुटीत सिंथेसायझर बनवला होता, आणि ईटनने तो मंचावर नेला. ब्रांकी पुढे पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळला. रोलंड काइनचंही तसंच झालं. बेर्तोनचीनी मात्र वाऱ्याने वाजणाऱ्या तारांच्या शिल्पांपर्यंत जाऊन पोचला. व्हांडोर तिबेटी बौद्ध संगीताचा अभ्यासक झाला. गुंफांमधली ती लांब कर्ण्यांची खर्जातली घोंघावणी ऐकली असेल तर त्याला तिथे जावंसं का वाटलं असेल, याचं नवल वाटत नाही.

आणि मोरिकोने? त्याला याची काय गरज होती?

१९६६ हे एकच साल घ्या. त्या वर्षी मोरिकोनेने गायिका मीनासाठी ‘से तेलेफोनान्दो’ हे गाणं केलं, ते आजही इटलीत गुणगुणलं जातं. त्याच वर्षी सर्जिओ लिओनेचा ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ आला. आणि त्याच वर्षी आरसीए इटालियाना या तबकड्यांच्या कंपनीने इल ग्रुप्पोची पहिली तबकडी काढली, त्यात मोरिकोने ट्रम्पेटवर.

लोक विचारतात, खरा मोरिकोने यातला कुठला? मला प्रश्नच चुकीचा वाटतो. ट्रम्पेट त्याच्या घरातच होती, वडील ट्रम्पेटवादक. रोमच्या सांता चेचिलिया संगीतशाळेत तो गोफ्फ्रेदो पेत्रास्सीकडे रचना शिकला. डार्मस्टाटलाही जाऊन आला. घर चालवण्यासाठी आरसीएमध्ये गाण्यांची संयोजनं केली, त्यातून सिनेमा आला. सिनेमात त्याच्यावर दिग्दर्शकाची, दृश्याच्या सेकंदांची, निर्मात्याच्या बजेटची सत्ता चालायची. ग्रुपमध्ये सत्ता कोणाचीच नव्हती, त्याची स्वतःचीही नाही. जगभर नाव झाल्यावरही तो तिथे जाऊन बसत राहिला, ओठांनी फुत्कार काढत, बाकीच्यांच्या आवाजात आपला आवाज बुडवत. ज्याची चाल अख्खं जग शिट्टीवर वाजवतं त्याने चाल वर्ज्य असलेल्या खोलीत स्वखुशीने जावं, याबद्दल मला त्याच्याविषयी त्याच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा जास्त आदर वाटतो.

या वादनाचा सिनेमात उपयोग झाला का?

झाला, आणि जाणीवपूर्वक. एलिओ पेत्रीच्या १९६८ च्या ‘उन त्रांक्विल्लो पोस्तो दी काम्पान्या’ या चित्रपटाचं संगीत मोरिकोनेचं, वादन ग्रुपचं. फ्रँको नीरोने साकारलेला चित्रकार एका जुन्या हवेलीत राहायला जातो आणि त्याचं मन हळूहळू ढळत जातं. तिथे नेहमीचं पार्श्वसंगीत घातलं असतं तर प्रेक्षकाला आधीच कळलं असतं की आता भ्यायचंय. या आवाजांना असा ठरलेला अर्थ नाही, त्यामुळे आपणही त्या चित्रकारासारखेच चाचपडतो. १९७१ च्या ‘ल्यी ओक्की फ्रेद्दी देल्ला पाउरा’ या थरारपटातही ग्रुप आहे.

एक खंत आहे. सिनेमामुळे या संगीतावर ‘भीतीदायक’ असा शिक्का बसला. चित्र काढून टाकून ऐकलं तर त्यातलं बरंचसं शांत आहे, काही तर खेळकर आहे.

‘द फीडबॅक’ या तबकडीत तर सरळ ड्रम वाजतात. ठेका वर्ज्य होता ना?

पकडलंत! १९७० ची ही तबकडी त्यांनी ‘द ग्रुप’ या नावाने काढली. ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार बाहेरच्या वादकांनी वाजवली. ड्रम एकसारखे चालू राहतात आणि त्यांच्या वर-खाली बाकीची मंडळी आपली नेहमीची कामं करतात. रॉक ऐकणाऱ्यांना ही लगेच आवडते, मूळ प्रतींसाठी संग्राहक वाटेल ती किंमत मोजतात. मला ती आवडते, पण ग्रुपची ओळख तिच्यावरून करून घेऊ नये. ठेका आला की कान त्याच्यावर रेलतो आणि बाकीचं ऐकायचं राहून जातं.

असं काम करणारे ते एकटेच होते का?

नाही, हवेतच होतं ते. लंडनमध्ये १९६५ मध्ये ‘एएमएम’ हा असाच मुक्त वादनाचा गट सुरू झाला. रोममध्येच १९६६ मध्ये फ्रेडरिक झेव्स्की, अल्विन करन, रिचर्ड टाइटेलबाउम या अमेरिकनांनी ‘म्युझिका एलेत्रोनिका व्हिव्हा’ काढला. झेव्स्की थोडा काळ इल ग्रुप्पोतही होता. पण त्यांची वृत्ती वेगळी. झेव्स्कीच्या मंडळींनी पुढे श्रोत्यांनाही वाजवायला बोलावलं, दारं सताड उघडी टाकली. इल ग्रुप्पोने दार लावून घेतलं आणि आत कसून काम केलं. कोण बरोबर, यावर मी पूर्वी वाद घालत असे. आता दोन्ही ऐकतो.

हे सगळं मला गोंगाट वाटतं. माझं काही चुकतंय का?

काही चुकत नाही. चाल शोधायची सवय आपल्या कानांना लहानपणापासून आहे, पाळण्यातल्या अंगाईपासून. इथे चाल शोधली की हाती काही लागत नाही आणि मग वैताग येतो. वेगळं काही शोधून पाहा. एक आवाज पकडा, तो कधी सुरू झाला आणि कधी थांबला एवढंच पाहा. तो थांबल्यावर त्याच्या जागी कोण आलं ते पाहा. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या आपण नळाचं पाणी, दूधवाल्याच्या किटल्या, कावळा, लांबची लोकल असं ऐकतो. तिथे कुठे चाल असते? तरी एखादा आवाज नसला तर लगेच कळतं.

पाच मिनिटांत बंद करावंसं वाटलं तर बंद करा. जबरदस्तीने ऐकण्यासारखं हे संगीत नव्हे.

सुरुवात कुठून करावी?

१९६९ मध्ये डॉइच ग्रामोफोनने नव्या संगीताच्या मालिकेत यांची ‘इम्प्रोव्हिझात्सिओनेन’ काढली, ती आधी. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, बारीक आवाज नीट येतात. मग १९७६ ची ‘मुझिका सू स्केमी’, तिथे ग्रुप प्रौढ झालेला आहे, घाई कुठेच नाही. ‘द फीडबॅक’ नंतर. मिलानच्या एका ध्वनिमुद्रिका संस्थेने एव्हांजेलिस्तीच्या रचनेवरूनच ‘दी शाख्टेल’ असं नाव घेतलंय. तिने काढलेल्या ‘आत्सिओनी’ या संचात साठच्या दशकातलं वादन आणि गालेरचा माहितीपट दोन्ही आहेत. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको. यातला निम्मा आवाज त्यातून बाहेरच पडत नाही.

ग्रुप कधी संपला?

एव्हांजेलिस्ती जानेवारी १९८० मध्ये गेला, चोपन्नाव्या वर्षी. शेवटची काही वर्षं तो इलेक्ट्रॉनिक संगीत शिकवत होता. नव्या ध्वनिविश्वाविषयीचं त्याचं पुस्तक त्याच्या पश्चात छापलं गेलं. त्याच्याशिवाय ग्रुप पूर्वीसारखा राहिला नाही. मोरिकोने २०२० मध्ये गेला.

आम्हा चार मित्रांना हे घरी करून पाहता येईल का? आमच्याकडे पियानो नाही.

पियानो लागत नाही. आम्ही पुण्यात एका मित्राच्या हॉलमध्ये हार्मोनियम, तबला, बासरी आणि स्टीलचं एक परात घेऊन बसलो होतो. हार्मोनियमवाल्याने एकही पट्टी न दाबता नुसता भाता हलवला, तर पेटी म्हाताऱ्या माणसासारखी श्वास घेऊ लागली. तबल्यावर शाईवरून ओलसर तळवा फिरवला की एक कण्हणारा आवाज निघतो, तो आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला. सगळ्यात अवघड गेलं ते तबलजीला. वीस वर्षांचा हात, दर अर्ध्या मिनिटाला आपोआप केरव्यात शिरायचा, आणि तो स्वतःच जीभ चावून थांबायचा.

फोनवर रेकॉर्डिंग लावा. तीनच मिनिटं ठरवा, जास्त नको. पहिल्या खेपेला एकच अट ठेवा: शेजारच्यापेक्षा मोठ्याने वाजवायचं नाही. मग ऐका. पहिल्यांदा ऐकताना जो तो स्वतःलाच शोधत असतो, त्यामुळे लगेच दुसऱ्यांदा लावा आणि आता फक्त डावीकडच्याला ऐका. काय पडलं, कोण कोणावर चढलं, ते न रागावता बोला. पंखा बंद ठेवायला विसरू नका, आमचं पहिलं अख्खं रेकॉर्डिंग त्यातच गेलं. मग पुन्हा तीन मिनिटं वाजवा.